गोड पाणी आणि नायट्रेटचा रकाना

इंदूरच्या राजेंद्रनगरातील आमच्या इमारतीच्या बोअरिंगच्या पाण्याचा तपासणी अहवाल गेल्या आठवड्यात आला आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ६१० हा आकडा पाहून बैठकीतील बहुतेकांनी पाणी पिण्यायोग्य ठरवून टाकले. रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे तो कागद अखेर माझ्याकडे आला. मला ती घाई पटली नाही.

हातातल्या मीटरवर दिसणारा टीडीएस म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता मोजून ठरावीक गुणकाने काढलेला अंदाज. त्यावरून क्षार एकूण किती एवढे समजते. कोणते, हे समजत नाही. माळव्याच्या बेसॉल्टमधून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असणारच. त्यामुळे डाळ लवकर शिजत नाही, गीझरमध्ये पांढरा थर बसतो, आणि लोक नेमके यालाच घाबरतात. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार काठिण्य, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा हा जडपणा, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, पण दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. नायट्रेटला मात्र ४५ च्या पुढे अशी सवलत नाही.

आमच्या अहवालात नायट्रेटसमोर १२ आणि शेजारी मर्यादा ४५ असे छापले होते. तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की ही मोजणी ‘नायट्रोजन म्हणून’ केली आहे. म्हणजे नायट्रेटमधील फक्त नायट्रोजनचे वजन धरले होते, आणि ४५ ची मर्यादा तर पूर्ण नायट्रेटसाठी आहे. तसे १२ म्हणजे नायट्रेटच्या हिशेबाने सुमारे ५३! “काका, पण पाणी तर किती गोड लागतं,” असे एक शेजारीण म्हणाल्या. नायट्रेटला चव नसते, वास नसतो, आणि पाणी उकळल्याने ते कमी न होता पाणी आटेल तसे दाटच होते. सेप्टिक टँक, गळकी गटारे आणि शेतातील खते यांतून ते जमिनीत उतरते. बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्याने घटते.

मी मग धन आणि ऋण आयनांचा, म्हणजे पाण्यातील विद्युतभारित कणांचा, ताळेबंदही मांडला. पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असल्याने दोन्ही बाजू जुळायला हव्यात; पाचेक टक्क्यांचा फरक आपण समजू शकतो. येथे तो १८ टक्के निघाला, म्हणजे एखादा आकडा चुकला आहे किंवा एखादा आयन मोजलाच गेलेला नाही. प्रत्येक प्रयोगशाळेने हा ताळेबंद अहवालातच छापावा आणि मोजणी व मर्यादा एकाच एककात द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

नमुना आता दुसरीकडे देणार आहोत. जिवाणूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली वेगळी. तोवर बाळांसाठी बोअरिंगचे पाणी वापरू नये, अशी सूचना लिफ्टपाशी लावली आहे.