डोक्याच्या जागी ठोकळा

परळच्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात दोन दिवस वाद पेटला होता. दुकानं आणि खासगी आस्थापनांमधला कामाचा दिवस 9 तासांवरून 10 तासांचा करायला राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये मंजुरी दिली, त्यावरचं एक व्यंगचित्र एकाने टाकलं. दहा तास राहिले बाजूला, सगळे चित्रावरच तुटून पडले. "हा प्रचार आहे, ही कला नव्हे." निम्म्या ग्रुपचे आजोबा गिरणीत होते. 1982 च्या संपात ज्यांच्या घरची चूल थंडावली, त्यांच्या नातवंडांनी हे लिहावं याचा मला अजून संताप आहे.

प्रचार आहे, बरं मग? मी राहतो त्या अमेरिकेतल्या स्पोकेनमध्ये 'इंडस्ट्रियल वर्कर' नावाचं आयडब्ल्यूडब्ल्यू या कामगार संघटनेचं पत्र निघायचं. 1912 मध्ये अर्न्स्ट रीबेने त्यात 'मिस्टर ब्लॉक' ही चित्रमालिका सुरू केली, आणि ती प्रचारासाठीच होती. ब्लॉक हा साधा कामगार. डोक्याच्या जागी लाकडी ठोकळा, त्यावर इवलीशी हॅट. मालक, पोलिस, न्यायाधीश, सगळ्यांवर त्याचा गाढ विश्वास, आणि दर वेळी फसतो तोच.

इथल्या स्टीव्हन्स स्ट्रीटवर तेव्हा नोकऱ्या विकणाऱ्या दलालांची रांग होती. डॉलर मोजून मजूर लाकूडतोडीच्या तळावर जायचा आणि थोड्याच दिवसांत मुकादम त्याला काढून टाकायचा. तीच जागा पुन्हा विकायची, पैसे दलाल आणि मुकादमाने वाटून घ्यायचे. याविरुद्ध रस्त्यावर उभं राहून बोलल्याबद्दल 1909 मध्ये शेकडो लोक तुरुंगात गेले. रीबेचे वाचक म्हणजे हेच डॉलर मोजलेले लोक. मालकाची टर कोणीही उडवेल. रीबेने आपल्याच वाचकाचा भाबडेपणा त्याच्यासमोर धरला, आणि तो वाचक हसला. याला कला म्हणायचं नाही तर कशाला?

पुढे याच संघटनेचा गीतकार जो हिल याने ब्लॉकवर गाणं रचलं. 3 ऑगस्ट 1913 ला कॅलिफोर्नियातल्या व्हीटलंडला, हॉप्सच्या (बिअरमध्ये घालतात त्या फुलांच्या) मळ्यावर, मजुरांच्या सभेत ते गाणं चालू असतानाच शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलिसप्रमुखाची, माणसं येऊन थडकली. गोळीबारात चौघे मेले. त्या मळ्यात आपले पंजाबी मजूरही होते. अनेक भाषांच्या त्या गर्दीला ठोकळ्याचं डोकं समजावून सांगायची गरज नव्हती.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, "तू तिकडे आठवड्याच्या चाळीस तासांत मजेत आहेस, तुला काय पडलंय?"

त्याला मी उत्तर दिलं नाही, ते इथे देतो. मी इथे टॅक्स भरतो, पण मला मत देता येत नाही. नोकरी गेली तर माझ्या व्हिसावर दुसरी शोधायला 60 दिवस हातात. मागच्या ले-ऑफच्या वेळी टीममधले इथले लोक मीटिंगमध्ये तावातावाने बोलले, मी म्यूटवर होतो. रात्री बायकोला म्हणालो, आपली कंपनी तशी नाही. रीबेची चित्रं मला इतकी लागतात ती यामुळे.

परळच्या दहा तासांवर मात्र मी मोकळेपणाने भांडू शकतो, कारण तिथे मला कोणी काढून टाकणार नाही, अशी माझी समजूत आहे. म्हणून "तुला काय पडलंय" हे शाळेतल्या मित्राने विचारावं, हे फार झोंबलं.