ओढ्यावर जाताय? मग धरणाचं सामान घरी ठेवा

"ओढ्यात आता मासाच राहिला नाही" म्हणणाऱ्याची पिशवी उघडून बघा. धरणावर कटला-रोहूला लावतात तो दणकट गळ आणि जाडजूड तंगूस (नायलॉनची दोरी) निघेल. चार बोटांच्या खवल माशाच्या तोंडात तो गळ जाणार कसा? मासे आमिष कुरतडून नेतात आणि खापर ओढ्यावर फुटतं.

भोर-मुळशीकडच्या ओढ्यांवर गणपती ते दिवाळी हा खरा मोसम. पाणी निवळलेलं असतं, धारही चालू असते. आठ-नऊ फुटी बारीक बांबूची काठी, तेवढाच लांब तंगूस, जाडी ०.१८ ते ०.२० मिलिमीटर. गळ १२ किंवा १४ नंबरचा. नंबर वाढतो तसा गळ बारीक होतो, दुकानात उलटा घेऊ नका. गळ नाकवाला, म्हणजे टोकाला भोक असलेला घ्या. तंगूस नाकातून ओवून स्वतःभोवती पाच पीळ द्या, टोक नाकालगतच्या फटीतून काढा आणि आवळण्याआधी थुंकी लावा. कोरडी गाठ आवळली की तंगूस घासून तापतो, आणि मासा लागल्यावर नेमका तिथेच तुटतो.

तरंगायला ज्वारीच्या ताटातलं करंगळीएवढं भेंड (आतला हलका गाभा) पुरतं. ते पाणी पितं, म्हणून दोन-तीन जास्त ठेवा. शिशाचा मणी गळाच्या चार बोटं वर. आता सगळ्यात दुर्लक्षित काम, खोली. भेंड आडवं पडलं तर शिसं तळाला टेकलंय. भेंड गळाकडे सरकवत जा, ते उभं राहीपर्यंत. तिथून अजून चार बोटांहून थोडं जास्त सरकवलं की गळ तळाच्या जरा वर राहतो. एवढं न करता जागा बदलत फिरणारेच जास्त.

उकिरड्याकडेच्या ओलीतलं गांडूळ सर्वांत भरवशाचं. अख्खं लावू नका. इंचभर तुकडा, गळ झाकून, शेपूट किंचित लोंबती. कणीक लावणार असाल तर तीत थोडा कापूस मळा, म्हणजे गोळी धारेत विरघळत नाही.

धारेच्या मधोमध टाकून उपयोग नाही. धार आणि संथ पाणी मिळतं ती कड किंवा मोठ्या धोंड्यामागचा आडोसा धरा. सावली पाण्यावर पडू देऊ नका. काठावर धपाधप पाय आपटत चालणं तर नकोच.

खवल भेंड थरथरवतो. लगेच झटका दिलात तर गळ रिकामा. भेंड एका बाजूला चालू लागलं की मनगटाने हलकं उचला. शिंगटा मासा भेंड सरळ बुडवतो आणि गळ पार गिळतो. मग घशात बोटं घालू नका, तंगूस कापा. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, म्हणून फडक्यात धरा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने ठणका उतरतो. वाम (सापासारखा लांब मासा) लागला तर मात्र ढिलाई नको, दगडाच्या कपारीत शिरला की गेला.

पहिल्या पावसातले चढणीचे, म्हणजे धारेविरुद्ध वर चढणारे मासे गाबोळीने भरलेले असतात. ते पोत्यांनी उपसायचे, उन्हाळ्यात डोहात ब्लिचिंग पावडर टाकायची नाहीतर करंट सोडायचा, आणि वर मासा कमी झाला म्हणायचं! विष आणि सुरुंग तर १८९७ च्या मत्स्योद्योग कायद्यापासून गुन्हा आहे.

आणि एक. निवळ पाणी अचानक गढुळलं, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, तर वर घाटात पाऊस झालाय. काठी गुंडाळत बसू नका, आधी पात्राबाहेर या.