जिरा, गोजिरा आणि माझी जिरली

दर सोमवारी सकाळी टीमच्या बोर्डावर ३८ कामं चढवायची, हे माझ्या वाट्याला आलेलं पुण्यकर्म. कामं तीच. 'बॅकअप उतरतोय का बघणे', 'टेस्ट डेटा भरणे', 'क्लायंटला आकडे पाठवणे'. नाव लिहा, माणूस निवडा, तारीख टाका, 'क्रिएट' दाबा. चाळीस मिनिटं जायची. ती वाचवायला मी तीन शनिवार-रविवार घालवले. बायकोनं हिशोब मांडून दाखवला होता, पण मी तेव्हा स्क्रिप्ट, म्हणजे हे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहीत होतो.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये हा बोर्ड असतो, त्याचं नाव जिरा. आईला अजून वाटतं, मी मसाल्यांच्या धंद्यात आहे. नाव मुळात 'गोजिरा'वरून आलंय, आणि गोजिरा म्हणजे गॉडझिलाचं जपानी नाव. ज्यांचं गोजिरं शहरं तुडवत फिरतं, त्यांच्या नावाला आपण भुलू नये, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बाहेरून कामं घालायला जिराला एपीआय आहे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेलं मागचं दार. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पन्नासेक ओळींत भागतं: कामांच्या तक्त्यातली ओळ वाच, जिराला दे, पुढची ओळ घे. पहिल्याच शनिवारी स्क्रिप्ट म्हणाली, 'काम' नावाचा रकानाच नाही. रकाना माझ्या डोळ्यांसमोर! मी शुद्धलेखन तपासलं (दोन अक्षरांचं), रकाना पिवळा केला, शिव्या दिल्या. रविवारी संध्याकाळी उलगडा झाला. तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) म्हणून जतन करताना फायलीच्या अगदी तोंडाशी एक न दिसणारं चिन्ह बसलं होतं. बॉम म्हणतात त्याला. ते 'काम'च्या मानगुटीवर होतं, म्हणून पायथॉनला काम ओळखू येईना. फाइल उघडताना अक्षरं कशी वाचायची ते सांगणाऱ्या 'यूटीएफ-८'च्या शेपटीला 'सिग' जोडलं आणि भूत उतरलं. गावाकडे लिंबू लागलं असतं.

तिसऱ्या रविवारी रात्री स्क्रिप्ट क्रॉनला जुंपली. क्रॉन हा सर्व्हरवरचा गडी. सांगितल्या वेळी सांगितलेलं करतो, उलट विचारत नाही. त्याच्या ओळीत पाच घरं: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. कुंडलीत बारा असतात, इथं पाचच, म्हणून मी निर्धास्त. तासाच्या घरात ९, वाराच्या घरात १, उरलेल्या तिन्ही घरांत तारे.

सोमवारी नऊ वाजले. काही नाही. सव्वानऊलाही बोर्ड कोरा. मुकाट्यानं ३८ कामं हातानं चढवली, शेवटच्याचा क्रमांक ४१२, आणि स्क्रिप्टचं नाव टाकलं.

सर्व्हरचं घड्याळ यूटीसी या जागतिक वेळेवर होतं, आपल्या साडेपाच तास मागे. त्याचे नऊ आपल्या दुपारी अडीचला वाजतात. मी तेव्हा मीटिंगमध्ये, फोन सायलेंट. शिवाय मिनिटाच्या घरात शून्य हवं होतं. ताऱ्याचा अर्थ 'प्रत्येक'. अडीचपासून साडेतीनपर्यंत प्रत्येक मिनिटाला ३८ कामं. साठ वेळा. २२८०. प्रत्येकाची मेल ज्याच्या त्याला, आणि टोकन (स्क्रिप्टला जिरात शिरायची किल्ली) माझं असल्यानं देणारा मी.

बाहेर आलो तर टेस्टिंगच्या मॅडम दारातच. "सर, माझं काही चुकलं का?"

"नाही हो, का?"

"एका तासात एकशे ऐंशी कामं दिलीत."

यादीत मॅनेजरसाहेबांच्या नावावर एकच काम असतं, 'रजा मंजूर करणे'. ते केबिनमधूनच ओरडले, "अरे, करतो रे मंजूर! साठदा कशाला?"

अॅडमिनला चहा पाजून कामं उडवायला बसवलं. एका दमात हजारच उडतात, म्हणजे तीन फेऱ्या. पहिली फेरी झाली आणि हॉलभर फोन पुन्हा थरथरायला लागले. 'या बदलाची मेल पाठवा' या चौकोनात बरोबरची खूण आधीपासूनच असते. ती काढायची असते. अॅडमिननं माझ्याकडे पाहिलं, मी चहाच्या कपात पाहिलं.

कामं गेली, पण जिरा पुसलेले क्रमांक पुन्हा वापरत नाही. ४१२ नंतरचं पुढचं खरं काम थेट २६९३. ते साहेबांनी स्वतःच्या हातानं घातलं, माझ्या नावावर: 'क्रॉन बंद आहे ना, हे बघणे. दर सोमवारी.'

तक्त्यात ती आता एकोणचाळिसावी ओळ आहे.