चाक पाच नटांच्या भरवशावर नसतं, मामा

"तू तं हब खोलाले सांगत होता. हे पाय, काई गरज नाई म्हन्ते." मी मामाला जीपच्या मागच्या चाकाचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, खोलून बेअरिंग पाहायला सांगितलं होतं. त्यावर एवढं बोलून मामानं एक व्हिडिओ पाठवला. मामाची ती जुनी जीप चिखलदऱ्याकडून परतवाड्याला घाट उतरते, मागं सहा-सात माणसं आणि भाजीच्या पाट्या. तोच व्हिडिओ संध्याकाळपर्यंत मला गावाच्या दोन ग्रुपवरही आला. म्हणून हे लिहितो आहे.

त्या व्हिडिओत म्हटलं आहे: जुन्या जीपचं मागचं बेअरिंग खोलू नका, निप्पलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) ग्रीस मारत राहा. खेळ वाटला, म्हणजे चाक ढिलं हललं, तर एका बाजूची शिम (फट जुळवायची पातळ चकती) काढा. ब्रेकचा ड्रम निघत नसेल तर शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) टोकावर घण मारा. गिअर ऑइल थोडं जास्त भरा. आणि बेअरिंग गेलंच तरी घाबरू नका, चाक पाच नटांवर असतं, गाडी घरी येते.

सगळ्यात घातक हे शेवटचं. पाच नट चाकाला हबशी धरतात, ठीक. हब कशाला धरून असतो? शाफ्टला. आणि शाफ्ट कशाला? याच बेअरिंगला! 1947 साली महिंद्रानं विलीज जीप इथं जोडायला घेतली, त्या घराण्यातल्या बऱ्याच जुन्या गाड्यांचा मागचा एक्सल सेमी-फ्लोटिंग आहे. म्हणजे शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. शाफ्टवर टेपर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगचा कोन, म्हणजे रोलरसकट आतली कडी, दाबून बसवलेला असतो, त्याचा कप, म्हणजे बाहेरची कडी, एक्सलच्या हाऊसिंगमध्ये, आणि बाहेरून ब्रेकची प्लेट त्याला थोपवते. रोलर फुटून गळाले की शाफ्टला थोपवणारं काहीच उरत नाही. मग चाक, ड्रम आणि शाफ्ट एकत्रच बाहेर सरकतात, पाचही नट घट्ट असताना. त्या चाकाचा ब्रेकही तेव्हाच जातो. घाटात, मागं माणसं बसलेली असताना. हे सांगणाऱ्यानं एकदा तरी तो एक्सल उघडा पाहिला आहे का?

शिमचं म्हणाल तर विलीजचं सर्व्हिस मॅन्युअल स्पष्ट आहे: शिम दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीच्या कमी-जास्त करायच्या. डाव्या-उजव्या दोन्ही शाफ्टची आतली टोकं डिफरन्शियलमधल्या (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्यातल्या) एका ठोकळ्याला टेकतात. एकाच बाजूची शिम काढली की तो ठोकळा मधून सरकतो. म्हणूनच शाफ्टच्या टोकावर घण मारायचा नाही, तो घाव थेट त्या ठोकळ्यावर आणि पलीकडच्या बेअरिंगवर जातो. ड्रम ओढून काढायचा पुलर लावा. नसेल तर मागून आणा.

ग्रीसचं अर्धं खरं आहे, नाही म्हणत नाही. काही गाड्यांना तिथं निप्पल असतो. पण ग्रीसची गन दाबत राहिलं की जास्तीचं ग्रीस सील ओलांडून ब्रेकच्या लायनरवर येतं. आणि पोळ्याच्या दिवसांत नाल्यातून गाडी काढली असेल तर? गरम हब थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ते पाणी नवीन ग्रीसनं बाहेर पडत नाही. बेअरिंग काढून, धुऊन, हातानं ग्रीस भरावं लागतं. जास्तीच्या गिअर ऑइलचंही तेच, ते शेवटी ड्रममध्येच येतं.

तपासायला दहा मिनिटं लागतात. पुढच्या चाकांना दगड लावा, मागचा एक्सल उचलून घोडीवर (स्टँडवर) ठेवा. चाक वर-खाली आणि आत-बाहेर हलवून पाहा. मग एक हात स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवून दुसऱ्या हातानं चाक हळू फिरवा. बेअरिंग खराब असेल तर पाट्यात बारीक खरखर लागते, कानाला ऐकू येण्याच्या आधी.

मामाच्या डाव्या चाकाला ती लागली. खोललं तर कोन एका बाजूनं निळा पडलेला, दोन रोलरांचे पापुद्रे निघालेले, आणि ग्रीस पाण्यानं दुधासारखं पांढरं. मामा तो कोन बोटावर फिरवत बराच वेळ बसून राहिला. उजवी बाजू अजून खोलायची आहे, शनिवारी जाणार. तोवर गाडी घाटात जाऊ नये म्हणून चाबी मामीकडे देऊन आलो आहे.