डेन्व्हरच्या हवेने फलंदाजाचं वजन ठरवू नका

लॅरी वॉकरला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) जायला १० वर्षं थांबावं लागलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. २०११ मध्ये त्याला जेमतेम २०.३ टक्के मतं. २०२० मध्ये, शेवटच्या संधीला, ७६.६ (लागतात ७५). आक्षेप मुख्यतः एकच, तो कूर्स फील्डवर, म्हणजे डेन्व्हरच्या कोलोरॅडो रॉकीज संघाच्या घरच्या मैदानावर, खेळायचा. अहो, १९९७ मध्ये त्याने ४९ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे, चेंडू थेट कुंपणापार) मारले, त्यातले २९ डेन्व्हरबाहेर!

कूर्स फील्ड फलंदाजाला झुकतं माप देतं, मान्य. मैलभर उंचीवरची विरळ हवा, चेंडू लांब जातो. म्हणून कुंपण मागे नेलं, तर मैदान इतकं मोठं झालं की मोकळ्या जागेत चेंडू पडतच राहतात. पण त्याच विरळ हवेत कर्व्हबॉल (हवेत वळत खाली जाणारा चेंडू) कमी वळतो, हे कुणी मोजत नाही. आठवडाभर तसे चेंडू खेळलेला माणूस समुद्रकाठच्या सॅन फ्रान्सिस्कोला उतरतो आणि तोच चेंडू चार बोटं जास्त खाली जातो. नजर बसेपर्यंत दौरा संपतो. घरचे आकडे फुगलेले असतात, तसे बाहेरचे सुकलेले असतात. बाहेरचे आकडे म्हणजेच खरा खेळाडू, हा हिशेब म्हणूनच मला पटत नाही.

डीजे लमेह्यू बघा. २०१८ नंतर त्याने डेन्व्हर सोडलं. तोवर एका हंगामात १५ च्या वर होमरन नव्हते. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या यँकीजकडून २६, सरासरी ०.३२७ (फलंदाजीच्या दर हजार संधींत ३२७ यशस्वी फटके). पुढच्या वर्षी ०.३६४, लीगमध्ये सर्वाधिक. यँकी स्टेडियमचं उजवं कुंपण जवळ आहे, त्याची मदत झालीच असणार. पण ०.३६४ नुसत्या कुंपणाने होत नाही.

डेन्व्हरहूनच गेलेल्या मॅट हॉलिडेचं २००९ मध्ये ओकलंडला बस्तान बसलं नाही, ९३ सामन्यांत ११ होमरन. जुलैत सेंट लुईसला गेला आणि ६३ सामन्यांत १३, सरासरी ०.३५३. डेन्व्हरहून आलेल्या नोलन अरेनाडोची सेंट लुईसमधली पहिल्या वर्षीची सरासरी ०.२५५, दुसऱ्या वर्षी ०.२९३. रुळायला वेळ लागतो, तेवढा द्यायला हवा.

विनी कॅस्टिया मात्र खरंच कोसळला. १९९९ मध्ये ३३ होमरन, टँपा बेला गेल्यावर २००० मध्ये ६. २००४ मध्ये डेन्व्हरला परतला आणि थेट ३५. त्याचं उदाहरण मी लपवणार नाही. पण एका कॅस्टियावरून वॉकरला दहा वर्षं ताटकळत ठेवायचं? वॉकरही २००४ मध्ये, ३७ व्या वर्षी, सेंट लुईसला गेला होता. ४४ सामन्यांत ११ होमरन मारले त्याने.