पोळी कुणाची, टाळी कुणाची: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'नाशिककर',

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाटलं, यातला एक मुद्दा माझ्या लेखात यायलाच हवा होता आणि मी तो सोयीस्करपणे गाळला. म्हणून खाली दोन ओळी खरडण्याऐवजी इथेच सविस्तर लिहिते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात आमच्या खालच्या घरात एक मोरोक्कन कुटुंब राहतं. २०२२च्या फुटबॉल विश्वचषकातले सामने मी त्यांच्या बैठकीत बसून पाहिले. हॉलंडात जन्मलेली पोरं मोरोक्कोच्या लाल जर्सीत खेळताना पाहून तिथल्या आजोबांचे डोळे भरून आले, असा तो लेख होता. त्यावर तुम्ही म्हणता: ज्या देशाने वाढवलं, मैदानं दिली, त्याच्याविरुद्ध उभं राहायचं हा कृतघ्नपणा, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. वर हे अरब लोक कुठेही गेले तरी मिसळत नाहीत. बरं, मोरोक्कोत तरी यांना आपलं कोण म्हणतं? आणि ब्रसेल्समधल्या जाळपोळीबद्दल लेखात अवाक्षर नाही.

शेवटचं आधी घेते, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. २७ नोव्हेंबरला मोरोक्कोने बेल्जियमला २-० हरवलं आणि ब्रसेल्समध्ये वाहनं पेटवली गेली, काचा फुटल्या. मी ते लिहिलं नाही, कारण लेख गोड चालला होता आणि मला तो गोडच हवा होता. चूक माझी. त्या रात्री बातम्या बघताना आजोबा त्या पोरांना उद्देशून बराच वेळ काहीतरी बोलत होते. मी त्यांच्या मुलाला विचारलं, काय म्हणतायत? तो म्हणाला, याचं भाषांतर मी करणार नाही.

आता पोळी. म्हण छान आहे, पण पोळी कोणी लाटली हे त्यात कुणी विचारत नाही. १४ मे १९६९ला नेदरलँड्स आणि मोरोक्को यांच्यात मजूरभरतीचा करार झाला. बेल्जियमने तो १९६४मध्ये केला होता, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने त्याच्याही आधी, १९६३मध्ये. खाणी, वीटभट्ट्या, कत्तलखाने इथे इकडची पोरं जायला तयार नव्हती, म्हणून बाहेरून हात आणले. उत्तर फ्रान्समधल्या कोळसा खाणींसाठी फेलिक्स मोरा नावाचा माजी लष्करी अधिकारी मोरोक्कोत गावोगाव फिरायचा. उघड्या अंगाने पोरांना रांगेत उभं करायचा, दंड चाचपायचा, दात बघायचा आणि छातीवर शिक्का मारायचा. हिरवा शिक्का म्हणजे पास, लाल म्हणजे घरी जा. बैलबाजारात याहून वेगळं काय होतं?

आमचे आजोबा १९७१मध्ये, २३ वर्षांचे असताना, मोरोक्कोतल्या नादोरजवळच्या खेड्यातून आले. आधी वीटभट्टी, मग कत्तलखान्यात रात्रपाळी. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. पुदिन्याच्या चहाचा पेला ते डाव्या हाताने उचलतात आणि उजवा तळवा खाली नुसता आधाराला धरतात. इथलं सरकारी वृद्धापवेतन कसं मोजतात माहीत आहे? निवृत्तीच्या वयाआधीची ५० वर्षं धरायची, त्यातल्या देशात राहिलेल्या प्रत्येक वर्षाला २ टक्के. आजोबांच्या वेळी ते वय ६५ होतं, म्हणजे मोजणी पंधराव्या वर्षापासून. ते आले तेविसाव्या वर्षी. आठ वर्षं कमी, म्हणून दरमहा १६ टक्के कमी. नियम सगळ्यांना सारखा आहे, उद्या मलाही लागेल, माझी तक्रार नाही. फक्त ही पोळी फुकट वाढलेली नव्हती, कडा कापून मोजून वाढलेली होती, एवढं तरी मान्य करा.

पण पुढची पिढी तर इथेच जन्मली ना, असं तुम्ही म्हणाल. बरं. मोरोक्कोकडून खेळणाऱ्या हकीम झियेशचंच घ्या. १९९३चा जन्म, गाव ड्रॉन्टन. समुद्र अडवून, पाणी उपसून १९५७मध्ये कोरड्या केलेल्या पट्ट्यात हे गाव वसलंय. याहून डच जन्मस्थान शोधून सापडायचं नाही. पण सरकारी तक्त्यांत हा पोरगा 'अलोख्तोन', म्हणजे 'बाहेरच्या मातीतला'. आईबापांपैकी एक जण परदेशात जन्मलेला असला की पोर त्या रकान्यात. हा शब्द सरकारने वापरायचा बंद केला २०१६मध्ये. झियेशने मोरोक्को निवडलं २०१५मध्ये. तेव्हा डच संघाचे सहायक प्रशिक्षक असलेल्या मार्को व्हान बास्टन यांनी त्याला मूर्खात काढलं. म्हणजे २२ वर्षं रकान्यात 'बाहेरचा' आणि पायात कसब दिसल्यावर एकदम 'आमचा'!

सगळेच तसं निवडतात असंही नाही. आमच्याच उत्रेख्तचा इब्राहिम अफेलाय आणि खालिद बूलाहरूझ डच संघाच्या नारिंगी जर्सीत खेळले. लामिन यमालचे वडील मोरोक्कन, तो स्पेनकडून खेळतो. उलट मोरोक्कोकडून खेळणारा अश्रफ हकिमी माद्रिदमध्ये जन्मलेला, आई लोकांच्या घरी साफसफाई करायची हे त्याने स्वतः सांगितलंय, आणि स्पेनला बाहेर काढणारी ती शेवटची पेनल्टी त्याचीच. २०२२च्या मोरोक्कन संघातल्या २६पैकी १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. गोलरक्षक बोनो मॉन्ट्रिअलचा, प्रशिक्षक वालिद रेग्रागुई पॅरिसजवळचे. आणि विरुद्ध उभं राहण्याबद्दल म्हणाल, तर नेदरलँड्स आणि मोरोक्को त्या स्पर्धेत समोरासमोर आलेच नाहीत. ९ डिसेंबरला नेदरलँड्स-अर्जेंटिना सामना होता. आजोबा नारिंगी मफलर गुंडाळून बसले होते, पेनल्टीवर हरल्यावर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोर्तुगालविरुद्ध लाल मफलर. मफलर दोन्ही एकाच खुंटीवर असतात.

टाळीचं म्हणाल तर, १९ मार्च २०१४ला हेगमध्ये उजव्या पक्षाचे नेते गीर्त विल्डर्स यांनी भर सभेत विचारलं, तुम्हाला मोरोक्कन जास्त हवेत की कमी? लोक ओरडले, कमी, कमी! गटाच्या अवमानाबद्दल ते दोषी ठरले, २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं, शिक्षा मात्र काही झाली नाही. तेव्हा आजोबांची नात आठ वर्षांची होती. टीव्हीवरचा गजर ऐकून तिने विचारलं होतं, कमी म्हणजे किती?

'हे अरब लोक' ही तर सरळ चूक आहे, आणि ती इथले डचही रोज करतात. नेदरलँड्समधले बहुसंख्य मोरोक्कन रिफचे, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगरपट्ट्यातले. ते अमाझिग, बर्बर हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. त्यांच्या भाषेचं नाव 'तारिफीत'. आमच्या आजींना अरबी नमाजापुरती येते. दवाखान्यात त्यांच्यासाठी एकदा हौसेने अरबी दुभाषा बोलावला होता. दोघंही वीस मिनिटं एकमेकांकडे बघून हसत बसले. या रिफने १९२१मध्ये अन्वालच्या लढाईत स्पॅनिश फौजेची धूळधाण केली आणि अब्देलक्रिम खत्ताबीच्या नेतृत्वाखाली पाच वर्षं स्वतःचं प्रजासत्ताक चालवलं. स्पेनने तिथे विषारी वायूचे बॉम्ब टाकले. मोरोक्कोला स्वातंत्र्य मिळालं १९५६मध्ये, आणि दोनच वर्षांत रिफमधला उठाव मोरोक्कोच्याच सैन्याने चिरडला, युवराज हसन यांच्या देखरेखीखाली. हेच हसन राजे झाल्यावर १९८४मध्ये टीव्हीवरच्या भाषणात तिथल्या आंदोलकांना 'औबाश' म्हणाले, म्हणजे मवाली, उडाणटप्पू. त्याच पट्ट्यातून माणसं गाड्या भरभरून युरोपात गेली आणि राजधानीत कुणाला त्याचं फार वाईट वाटलं नाही.

आता चित्र बदललंय. २०११च्या राज्यघटनेने अमाझिग भाषेला राजभाषेचा दर्जा दिला. २०२४पासून अमाझिग नववर्षाला सुट्टी असते. त्या घटनेच्या प्रास्ताविकात देशाच्या ओळखीत अरब-इस्लामी, अमाझिग, सहारी-हस्सानी असे प्रवाह मोजलेत, आणि आफ्रिकी, अंदालुसी, भूमध्यसागरी यांच्याबरोबर हिब्रूसुद्धा. (हिब्रूवरून आठवलं: इस्रायलच्या वाळवंटातलं दिमोना हे गाव १९५५मध्ये मुख्यतः मोरोक्कन ज्यूंनी वसवलं, आणि पुढे तिथेच आपल्या कोकणातले मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्रायलही मोठ्या संख्येने राहायला गेले. मराठी आणि मोरोक्कन शेजार माझ्यापासून सुरू झालेला नाही.)

राहिला तुमचा तिसरा प्रश्न, तिकडे तरी यांना आपलं कोण म्हणतं? हा प्रश्न खरा धारदार आहे. उत्तर 'कोणी नाही' असं असतं तर सोपं होतं. तिथे त्यांना म्हणतात झमाग्री, 'इमिग्रे' या फ्रेंच शब्दाचा बिघडून झालेला अवतार, आणि तो म्हणताना ओठाचा एक कोपरा वर जातो. झमाग्री म्हणजे पैसेवाला, गावंढळ, फसवायला सोपा.

जुलै आला की तळमजल्यावर गाडी भरायला घेतात. टपावर निळी ताडपत्री, तिच्याखाली दोन सायकली, एक चाकांची खुर्ची, कॉफीची पाकिटं, शांपूच्या बाटल्या, कुणाच्या तरी लग्नाचे पडदे. आजोबा रस्सी आवळतात, मुलगा म्हणतो पुरे, आजोबा आणखी एक गाठ मारतात. मग अँटवर्प, पॅरिस, बोर्दो, अख्खा स्पेन, अल्मेरियाहून बोट. या सगळ्याला त्यांच्याकडे शब्द आहे 'लब्लाद'. त्याचा अर्थ देश, आणि त्याचाच अर्थ गाव. 'गावाला चाललो' म्हणताना आपल्याकडच्या माणसाच्या आवाजात जे येतं, तेच येतं. गेल्या उन्हाळ्यात नातीने नादोरच्या औषधाच्या दुकानात तारिफीतमध्ये गोळ्या मागितल्या. दुकानदार हसला, म्हणाला, हे शब्द माझी आजी वापरायची. १९७१ची बोली उत्रेख्तमध्ये जशीच्या तशी बरणीत राहिली आणि तिकडे भाषा पुढे निघून गेली. मला हसू आलं नाही. माझी मुलगी पुण्यात गेली की रिक्षावाल्याशी माझ्या आईच्या मराठीत बोलते.

पण सरकार म्हणून मोरोक्को यांना घट्ट धरून आहे. परदेशातल्या मोरोक्कनांनी घरी पाठवलेला पैसा वर्षाला १०० अब्ज दिरहमच्या पुढे गेलाय. त्यांच्या नावाने १० ऑगस्टचा राष्ट्रीय दिवस आहे, उन्हाळ्यात बंदरांवर स्वागताची मोठी मोहीम असते. आणि नागरिकत्व सुटत नाही. बाप मोरोक्कन तर पोर मोरोक्कन, २००७पासून आईकडूनही. सोडायचं म्हटलं तर सरकारी परवानगी लागते आणि ती व्यवहारात मिळत नाही. म्हणून डच कायदाही त्यांना जुनं नागरिकत्व सोडायला लावत नाही. अहमद अबूतालेब पंधराव्या वर्षी रिफमधून इथे आले, २००७मध्ये राज्यमंत्री झाले, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या पासपोर्टवरून संसदेत केवढा गदारोळ झाला. पुढे ते १५ वर्षं रॉटरडॅमचे महापौर होते. जो पासपोर्ट टाकताच येत नाही तो का टाकला नाही, म्हणून माणसाच्या निष्ठेची तपासणी!

माझं उलटं झालं. मी डच नागरिक झाले त्या दिवशी भारतीय कायद्याने माझं नागरिकत्व आपोआप संपलं. खिडकीपलीकडच्या बाईंनी माझ्या पासपोर्टवर 'रद्द' असा शिक्का मारला आणि शाई वाळावी म्हणून फुंकर घातली. ती फुंकर माझ्या लक्षात राहिली आहे. घरी येऊन आजोबांना सांगितलं, तर त्यांना ते पटेचना. म्हणाले, तुझ्या देशाने तुला जाऊ दिलं? त्यांच्या आवाजात कीव होती की हेवा, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण तेव्हापासून कोणता देश 'निवडला' यावरून कुणाची कृतज्ञता मोजायची माझी हिंमत होत नाही. माझी निवड कायद्याने करून दिली, त्यांची कायद्याने होऊ दिली नाही, आणि झियेशची तर रकान्याने आधीच करून ठेवली होती.

तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, शेवटी हे लोक कुठले. तळमजल्यावर सध्या याच विषयावर भांडण चालू आहे, ते सांगते आणि थांबते. तिथली बरीच कुटुंबं दरवर्षी एक हप्ता भरतात, मेल्यावर देह विमानाने मोरोक्कोत नेण्यासाठी. आजोबा कित्येक वर्षं भरतायत. २०२०च्या मार्चमध्ये कोरोनामुळे मोरोक्कोने सीमा बंद केल्या, अगदी शवपेट्यांसाठीसुद्धा. आजींचा भाऊ त्या एप्रिलमध्ये गेला आणि इथेच दफन करावा लागला. इथल्या बहुतेक दफनभूमींत कबर मुदतीवर मिळते, मुदत संपली की नूतनीकरण करा नाहीतर जागा रिकामी. मुसलमानांना कायमची कबर हवी असते, तशा जागा मोजक्या. आजोबांना हा अपमान वाटतो, मेल्यावरही भाडं!

आजी मात्र त्या भावाच्या कबरीवर दर शुक्रवारी बसने जाऊ लागल्या. जाण्याआधी कुसकुस करतात. माझ्यासाठी मटण न घातलेली वेगळी थाळी वर पाठवतात. मागच्या महिन्यात थाळी परत द्यायला गेले तर दोघं घुम्म बसलेले. आजींनी विम्यातून स्वतःचं नाव काढायला सांगितलं होतं. आजोबा मला पंच करू बघत होते, तू सांग हिला. आजी नातीकडे बोट दाखवून डचमध्येच म्हणाल्या, नादोरला विमानाने वर्षातून एकदा येईल ही. इथे सोळा नंबरची बस येते.

आजोबांनी अजून सही केलेली नाही. फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली आहे.