आरपीएमचं बिलिंग बाहेर द्या आणि निवांत व्हा

अमेरिकेत तुमचं छोटं क्लिनिक आहे, मेडिकेअरचे (म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) पेशंट भरपूर आहेत, आणि अजून आरपीएम सुरू केलं नाहीत? रिमोट पेशंट मॉनिटरिंग हो! पेशंटच्या घरी बीपीचं यंत्र पाठवायचं, रीडिंग आतल्या सिमकार्डावरून आपोआप येणार, महिन्याकाठी वीस मिनिटं कुणीतरी त्यात लक्ष घालणार आणि मेडिकेअर पैसे देणार. २०१९ मध्ये मेडिकेअरनं यावर दीड कोटी डॉलर दिले होते, २०२२ मध्ये तीस कोटींच्या वर. एवढी गंगा वाहतेय आणि तुमचेच हात कोरडे? न्यूजर्सीतल्या अशाच एका क्लिनिकचं ऑफिस मी सांभाळते, म्हणून चार अनुभवाचे बोल फुकटात देते.

कंपनी प्रेझेंटेशन बघून निवडा. 'यंत्रं आम्ही पाठवू, फोन आमच्या नर्स करतील, क्लेमही आम्हीच टाकू, डॉक्टरांनी काही बघायचं नाही' असं म्हणणारी भेटली की दुसरा प्रश्न विचारू नका. जेवण चांगलं आणलं असेल तर पहिलाही नको.

मोबदला टक्केवारीवर ठरवा. जितके क्लेम जास्त तितकी त्यांची कमाई जास्त, म्हणजे पोरं जीव ओतून काम करतील. हडसनपलीकडे न्यूयॉर्कात अशी टक्केवारी फी-स्प्लिटिंगमध्ये, म्हणजे डॉक्टरांची फी बेकायदा वाटून घेण्यात, मोडते म्हणे. असतात एकेका राज्याचे हट्ट.

करार वाचू नका.

पेशंटला सामील करून घेताना त्यांनी स्वतः भरायच्या वीस टक्क्यांचा विषय काढू नका. 'मेडिकेअर देतं सगळं' एवढंच म्हणा. बिल घरी गेलं की कळेलच त्यांना, आणि मग ते कंपनीकडे थोडेच जाणार आहेत? ते माझ्या खिडकीशी येतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, महिन्याचा लॉग, म्हणजे कंपनीनं कुणासाठी काय केलं त्याची नोंद, कधीही उघडू नका. आम्ही उघडला आणि मनःशांती गेली. परवा एक काकू त्यांच्या वाट्याच्या वीस टक्क्यांचं बिल घेऊन आल्या. फेब्रुवारीचं. म्हणाल्या, "अगं, मी तर साताऱ्याला होते ना! संक्रांतीच्या आधी गेले, होळी करून आले." यंत्र बरोबर नेलं होतं का? नाही, ते इथेच, टीव्हीखालच्या खणात. मग मी लॉग काढला. त्यात लिहिलेलं: पेशंटशी फोनवर बोलणं झालं, मीठ कमी करण्याबद्दल समजावलं, पेशंट स्थिर, २० मिनिटं. जानेवारीची नोंद काढली. तेच मीठ, तेच स्थिर, तीच २० मिनिटं. एकोणीस नाहीत, बावीस नाहीत. डिसेंबर? मीठ. आणि रीडिंग? तीही होती, नऊ दिवसांची. काकू नाहीत, यंत्र रिकामं पडलंय, म्हणून काकांनी आपलं बीपी मोजून घेतलं होतं! त्या नऊ दिवसांवर क्लेम गेला ९९४५४ या बिलिंग कोडचा, ज्याला तीस दिवसांत किमान सोळा दिवसांची रीडिंग लागतात. कमी दिवसांसाठी जानेवारी २०२६ पासून ९९४४५ हा कोड आलाय, दोन ते पंधरा दिवसांचा. तो कंपनीच्या गावीच नाही. अर्थात काकांच्या बीपीवर काकूंच्या नावानं तोही लावता आला नसताच. वर ९९४५७ आहेच, त्या वीस मिनिटांचा. पेशंट अमेरिकेबाहेर, बोलली कुणाशी तुमची नर्स? काकांशी? त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मला कुणाचा फोन नाही आला. आणि मी मीठ कमी खातोच."

कंपनीला फोन केला. आधी संगीत, मग तक्रारीचा तिकीट नंबर, मग 'केविन'. केविनच्या मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या आणि कुणीतरी "अरे, दार उघड, दूधवाला असेल" म्हणत होतं. त्या पोरावर मी चिडले नाही. तो रात्रपाळीत क्लेमचं टार्गेट गाठतोय, त्याच्या स्क्रीनवर कोड आणि तारीख, बास. तो म्हणाला, पेशंट नाराज असेल तर वीस टक्के माफ करून टाका. सरसकट अशी माफी किकबॅकच्या, म्हणजे आमिष देण्याविरुद्धच्या, कायद्यात अडकू शकते, हे सांगितल्यावर त्यानं दुसरं तिकीट उघडलं.

बास झाला उपरोध. डॉक्टर, तुम्हालाच सांगतेय. क्लेमवर एनपीआय, म्हणजे डॉक्टरांचा ओळख क्रमांक, कुणाचा असतो? तुमचा. मेडिकेअर उद्या पैसे परत मागेल ते केविनकडे नाही, तुमच्याकडे. 'बिलिंगवाल्यांनी केलं' हे उत्तर चालत नाही, आणि चालू नयेच. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलच्या ऑफिसनं २०२४ मध्ये लिहून ठेवलंय की आरपीएम घेणाऱ्या सुमारे ४३ टक्के पेशंटना यंत्राची जोडणी, रीडिंग आणि डॉक्टरांकडून देखरेख यांतली एक तरी गोष्ट मिळालेलीच नाही. म्हणजे रीडिंग येतात, पैसे येतात, आणि बघतंय कोण? आमच्या काकूंचं बीपी फेब्रुवारीत खरंच वाढलं असतं, तर 'पेशंट स्थिर' म्हणूनच नोंद झाली असती. लाज वाटायला पाहिजे. यंत्र बीपी बघायला दिलंय, ९९४५४ छापायला नाही.

तेव्हा पुढच्या सोमवारी ओपीडीच्या आधी दहा पेशंटचे लॉग उघडा, स्वतः, ऑफिसला सांगून नव्हे. एकच वाक्य तीन महिने दिसलं की त्या पेशंटला फोन लावा आणि विचारा. जास्तीचे पैसे आलेत हे ध्यानात आलं की ते साठ दिवसांत परत करायचे असतात. आमचं सुरू झालंय. कंपनीच्या उत्तरासाठी थांबू नका, दुसऱ्या तिकिटाचं उत्तर अजून आलेलं नाही.